बाणाचा ण, बॉक्सचा एक्स

जूनचा तिसरा आठवडा, पहिलीचा वर्ग, खिडकीतून आत येणारा पाऊस आणि ओल्या दप्तरांचा वास. मी विचारलं, “ए बी सी कुणाकुणाला येते?”

चार-पाच हात वर झाले. त्यातला एक खांद्यातून निखळेल इतक्या जोरात हलत होता. “बाई, मी गेलोय एबीसीला! आईबरोबर. तिथं नुसती पुस्तकंच असतात.”

अप्पा बळवंत चौक. त्याची आई तिथल्या एका दुकानात गाइडांचे गठ्ठे लावायला जायची आणि घरातून निघताना “एबीसीला जाते” म्हणून सांगायची. पोराच्या हिशेबानं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.

पुणं हे आद्याक्षरांवर चालणारं गाव आहे. फर्ग्युसन कॉलेज रस्ता म्हणजे एफसी, सेनापती बापट म्हणजे एसबी, आणि जंगली महाराजांसारख्या साधुपुरुषाचंही आम्ही जेएम करून टाकलं. ‘घरी इंग्रजीचे वातावरण नाही’ हे वाक्य आम्ही शिक्षक मुलांच्या नोंदीत डोळे मिटून लिहितो. ते पोर मात्र बसथांब्यावर उभं राहून निम्मी एबीसीडी ऐकत मोठं झालेलं असतं. ती अक्षरं आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

मी स्वतः इंग्रजी शिकायला लागले ती पाचवीत. १९८५ साल, पुरंदर तालुक्यातली शाळा, वर्गाला दोन खिडक्या आणि सगळ्यांची मिळून एक आरोळी : सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. गुरुजींनी एकदा म्हणायचं, आम्ही तीनदा. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. गुरुजी जीव तोडून शिकवायचे, त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या आरोळीत एक गोम होती. ‘सी’, ‘ए’ आणि ‘टी’ एकापुढे एक ठेवले तर ‘सीएटी’ व्हायला हवं. मध्येच ‘कॅट’ कुठून उगवलं? हे आमच्यातल्या कुणीच विचारलं नाही. साहेबाची भाषा, तिच्यात असंच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मला कॅट यायचं, रॅट यायचं, बॅट यायचं. मॅट यायचं नाही. मॅट आमच्या आरोळीत नव्हतं.

पुढे डी.एड. केलं, पर्वतीच्या पायथ्याशी मनपाच्या एका शाळेत लागले, आणि तिसऱ्याच वर्षी, २००० सालच्या जूनमध्ये, राज्यभर पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. बड्या घरच्या मुलाला अडीच-तीन वर्षांचा असल्यापासून जे मिळतं, त्यासाठी गरिबाच्या मुलाला पाचवीपर्यंत का ताटकळत ठेवायचं, असा सवाल तेव्हा केला जायचा, आणि तो सवाल खोटा नव्हता. मातृभाषा कच्ची असताना परकी भाषा कशाला लादता, असं म्हणणारी मंडळीही काही अडाणी नव्हती. वर्तमानपत्रांची पानंच्या पानं भरली. मी कोणत्या बाजूची होते? मी घाबरलेल्या बाजूची होते. कारण जे पाचवीला मलाच धड कळलं नव्हतं, ते आता मला सहा वर्षांच्या पोरांना शिकवायचं होतं. (२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणायचा शासन निर्णय निघाला, गदारोळ झाला आणि जूनअखेरीला तो मागे घेतला गेला, तेव्हा मला पुन्हा तो जून आठवला. वाद भाषेचा असतो, आणि फळ्यासमोर एक घाबरलेली बाई उभी असते.)

मग मी काय केलं? आरोळी ठोकली. दुसरं येत काय होतं? प्रशिक्षणात कृतिगीतं शिकवली होती, ती नाचून घेतली. बालभारतीचं रंगीत पुस्तक हातात होतं, चित्रं सुरेख होती. पोरं बोट ठेवून धडाधड म्हणायची : ॲपल, बॉल, कॅट, डॉग. केंद्रप्रमुख आले, खूश होऊन गेले. मीही खूश. मग एके दिवशी, कशासाठी ते आता आठवत नाही, वाचणाऱ्या मुलाच्या पुस्तकातल्या मांजरावर माझा तळहात पडला. खाली नुसता शब्द उरला. पोरगा थांबला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, “बॉल.”

दुसऱ्याला बोलावलं. हात ठेवला. “एलिफंट.” तिसरीनं तर हात बाजूला करायचा प्रयत्न केला. वर्षभर ही मुलं चित्रं वाचत होती. मी त्याला इंग्रजी वाचन म्हणत होते आणि तसं नोंदवहीत लिहीत होते.

यानंतर मी लगेच सुधारले असं नाही. चित्र कसं झाकायचं हे कळलं, पण त्याच्या जागी काय ठेवायचं हे कळायला दहा-बारा वर्षं गेली, आणि ते कळलं एका तिसरीतल्या मुलीमुळे.

तिची आई चार घरची धुणीभांडी करायची. त्या कामांच्या पैशांतून तिनं मुलीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळा म्हणजे गल्लीतल्या दोन मजली घरात भरणारे वर्ग. पण टाय होता, बेल्ट होता, पॉलिशचे बूट होते. दोन वर्षांनी फी थकली आणि मुलगी आमच्याकडे तिसरीत आली. तिचं इंग्रजी अक्षर पाहून मी थक्क झाले. चाररेघी वहीत तिरकं, जोडून, एका लयीत काढलेलं. माझ्या स्वतःच्या अक्षराची मला लाज वाटावी असं. म्हटलं, वाच की बाळ. तिनं वाचलं नाही. दोन अक्षरी, तीन अक्षरी, काहीच नाही. फळ्यावरचं ती उतरवून घ्यायची ते रांगोळीच्या पुस्तकातून ठिपके मोजून रांगोळी काढावी तसं. बोलायला एकच वाक्य येत होतं, तेही एकाच शब्दासारखं : मेआयगोटूटॉयलेट. मराठी तिकडे नावापुरतंच, त्यामुळे तेही वाचता येत नव्हतं. म्हणजे आठ वर्षांची मुलगी, सुवाच्य आणि पूर्ण निरक्षर.

पालकसभेला आई आली. पदराला हात पुसत म्हणाली, “बाई, हिला मराठी नका शिकवू. तेवढं इंग्लिश सांभाळा. मराठी काय, येतीच की तिला.”

मला राग आला. घरी जाताना रस्ताभर मनातल्या मनात मी तिला मातृभाषेचं महत्त्व समजावून सांगत होते. मग आठवलं की दर ३ जानेवारीला मी याच मुलींना लुगडं नेसवून, कपाळावर आडवं कुंकू लावून सावित्रीबाई करते. त्या सावित्रीबाईंनी १८५४ साली छापलेल्या आपल्या कवितांमध्ये इंग्रजीला ‘माऊली’ म्हटलंय. शूद्रातिशूद्रांना ज्ञानाची दारं बंद होती, त्यांना ती या भाषेनं उघडतील असं वाटणारी ती बाई होती. आणि इंग्रजीला ‘वाघिणीचं दूध’ म्हटलं ते, असं सांगतात, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८८० साली टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांनी. चिपळूणकरांनी जोतीरावांवर किती जहरी लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. ही माणसं एका पंगतीला बसली नसती. पण हे दूध आपल्या लेकरांना मिळावं, एवढ्यावर दोन्हीकडचं एकमत. मग ते मागणारी धुणंभांडीवाली चुकीची कशी? मागणी बरोबरच होती. ते दूध कोणत्या भांड्यात घ्यायचं, एवढाच माझा आणि तिचा मतभेद होता.

मी आईला हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीला मराठी शिकवायला घेतलं. मधल्या सुट्टीत, खिचडी खाऊन झाल्यावर वीस मिनिटं. चोरूनच म्हणा ना. दिवाळीपर्यंत ती अडखळत का होईना, पण वाचू लागली. आणि एका दुपारी वाचता वाचता थांबली.

“बाई, ‘माझा’मधला झ आणि ‘माझी’मधला झ वेगळाय ना?”

“एकच आहे. झ झबल्याचा.”

“नाही. माझा. माझी.” तिनं दोन्ही सावकाश म्हणून दाखवले. “तोंडात वेगळं होतं. मग काढायचा एकच कसा?”

तुम्हीही म्हणून बघा. मी तेव्हा त्या बाकावर बसून चार वेळा म्हटलं. चाळीस वर्षं बोलत असलेल्या माझ्या भाषेबद्दल एका पोरीनं मला नवी गोष्ट सांगितली होती. आम्ही बाकीचे मुळाक्षरं इतक्या लहानपणी गिळतो की त्यांची चव आठवत नाही. ती उशिरा शिकत होती, म्हणून तिला ऐकू आलं. व्याकरणात याला तालव्य आणि दंततालव्य म्हणतात, हे डी.एड.ला मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते माझ्या तोंडात रोज घडतंय हे कधी लक्षात आलं नव्हतं. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च. पाण्याचा ‘जग’ आणि सूर्याभोवती फिरणारं ‘जग’. लिहायला एकसारखे, म्हणायला वेगळे, आणि आजवर एकही मराठी मूल “जग भरून आण” म्हटल्यावर आकाशाकडे बघत उभं राहिलेलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे जरा नाटकी वाटेल; पण उशिरापर्यंत मी कागदावर शब्द लिहीत बसले होते. चिमणी, चेंडू, चिखल : इथं च नेहमी ‘चहा’सारखा. चाक, चोर, चूल : इथं ‘चमचा’सारखा. इ आणि ए शेजारी आले की च, ज, झ मवाळ होतात. इ म्हणताना जीभ पुढं, टाळूकडे सरकते आणि शेजारच्या व्यंजनालाही ओढून घेऊन जाते. आणि मग एकदम इंग्रजीतला सी आठवला. कॅट, कॉट, कप : क. सिटी, सर्कस, सेंट : स. त्याच्यापुढे ए, ओ, यू असेल तर क. आणि ई, आय, वाय असेल तर स. तोच खेळ! लॅटिनमधला क इ-ए यांच्या शेजारी राहून राहून मऊ होत गेला आणि फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत येईपर्यंत त्याचा स झाला. म्हणजे रोममधल्या जिभेला जे झालं तेच पुरंदरच्या जिभेला झालं होतं. जी या अक्षराचंही तसंच : गेम, गोट, पण जिराफ आणि जेम. (गिव्ह, गिफ्ट आणि गर्ल हे तिघं नियम पाळत नाहीत. वर्गात अशी तीन मुलं असतातच.)

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी मांजर काढलं नाही. ‘माझा’ आणि ‘माझी’ लिहिलं. सगळ्या वर्गाला म्हणायला लावलं, गळ्याला हात लावून, तोंडापुढे हात धरून. दंगा झाला. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मग सीची दोन घरं काढली, आणि ‘सी ला दोन आवाज का’ हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या वर्गात उरला नाही. उलट मुलं म्हणायला लागली, “आपल्या च सारखं.”

मग मला नादच लागला. इंग्रजीतली प्रत्येक अडचण घेऊन मी मराठीच्या दारात जायचे आणि विचारायचे, तुझ्याकडे आहे का गं असं काही?

सगळ्यात मोठी अडचण आरोळीतलीच होती. मराठीत ‘क’ला क म्हणतात. नाव तेच, आवाज तोच. इंग्रजीत नाव एक आणि काम दुसरं. एचच्या नावात ह नाही. डब्ल्यूच्या नावात व नाही. तो व जाऊन बसलाय ‘वाय’च्या नावात, म्हणून मुलं ‘वॉच’ लिहायला वाय वापरतात आणि आपण लाल पेनानं गोल करतो. मूल मात्र त्याच्या परीनं तर्कशुद्ध वागलेलं असतं. म्हणून नावं बाजूला ठेवून आवाजापासून सुरुवात करायची, ही पद्धत आता बरेच जण वापरतात. एबीसीडीच्या क्रमानं न जाता एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं आधी घेतात, कारण या सहांतून लगेच शब्द पडू लागतात : पिन, टिन, पॅन, सिप, नॅप. पिन आणि पॅन तर पोरांच्या घरातच असतात. ही पद्धत मी मनापासून उचलली. पण तीही एका जागी अडली. मुलं ‘बी’चा आवाज काढायची ‘ब’. मग ब, ॲ, ट जोडून व्हायचं ‘बॲट’. दोन दोन आठवडे ‘बॲट’.

कारण मराठी मुलासाठी व्यंजन म्हणजे आत अ घेऊनच जन्मलेलं अक्षर. तो अ काढायचा कसा? उत्तर आमच्या फळ्यावरच होतं : पाय मोडायचा. जोडाक्षर शिकवताना आम्ही म्हणतोच, याचा पाय मोडा. मी मुलांना सांगितलं, इंग्रजीतली सगळी व्यंजनं पाय मोडलेली आहेत. त्यांना एकट्यानं चालता येत नाही. शेजारी ए, ई, आय, ओ, यूपैकी कुणीतरी धरायला लागतं. ब् ला ॲ नं धरलं, पलीकडून ट् लटकला : बॅट. वर्गात तो दिवस पाय मोडण्यातच गेला. चार जण लंगडत घरी गेले.

नंतर ‘स्ट्रीट’ आला. एस, टी, आर. एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, “बाई, तिघांचेही पाय मोडलेत. उभे कसे राहिले?” त्याच्या शेजारणीनं मला बोलूच दिलं नाही. “मागं दोन ई आहेत ना. म्हणून तर दोन लागले.”

हे भाषाशास्त्र नव्हे, हे मला माहीत आहे. पण मी त्या पोरीला खडू बक्षीस दिला.

‘केक’च्या शेवटी गप्प बसणारा ई तर अगदी आपला निघाला. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. शेवटचा अ कागदावर असतो, तोंडात नसतो. मराठी ‘जशी बोलतो तशी लिहितो’ हे आपण फार अभिमानानं सांगतो, पण ‘ब्राह्मण’मधला ह आधी की म आधी हे एकदा म्हणून बघावं. ‘वन’ लिहिताना ओ का, या प्रश्नावर मला माझी आजी आठवली. ती ‘ओळख’ला ‘वळख’ म्हणायची, ‘ओढ्या’ला ‘वढा’. इंग्लंडच्या खेड्यांतही ओचा असाच ‘वो’ झाला, तो उच्चार पुढं शहरात रुजला आणि स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’मध्ये तो मूळचा ओ अजून सापडतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या आज्या वढ्यापलीकडच्याच. पोरांना ते पटायला क्षण लागला नाही.

आणि एक्स. ‘एक्स फॉर झायलोफोन’ हे कुणी सुरू केलं त्याला एकदा पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावायला हवं. पुण्यातल्या किती पोरांनी झायलोफोन पाहिलाय? आणि पाहिला तरी त्याच्या सुरुवातीला ऐकू येतो झ, एक्सचा आवाज येतच नाही. आपली अंकलिपी इथं किती प्रामाणिक! ण नं सुरू होणारा शब्द मराठीत सापडेना, तर तिनं ओढूनताणून आणला नाही. सरळ ‘बाणाचा ण’ म्हटलं, ‘बाळाचा ळ’ म्हटलं. जिथं आहे तिथं दाखवला. मी एक्स शिकवते तो ‘बॉक्सचा एक्स’. बुटांचा रिकामा बॉक्स वर्गात ठेवलाय, त्याच्यावर मोठ्ठा एक्स काढलाय.

सगळंच असं जुळत नाही. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ यांना ना चित्र काढता येतं ना पाय मोडता येतो, आणि त्यांच्याशिवाय इंग्रजीचं एक वाक्य पुढं सरकत नाही. ते नुसते डोळ्यांना सवय होईपर्यंत दाखवावे लागतात. भिंतीवर, दारावर, पाण्याच्या टाकीवर. ‘शिप’ आणि ‘शीप’ मला अजून शिकवता येत नाही, कारण मराठीतला ऱ्हस्व-दीर्घ मुलांना आणि खरं तर आपल्यालाही ऐकू येत नाही, वेलांटीच्या बाजूवरून आपण तो ओळखतो. आणि काही मुलं तर शिकायला थांबतच नाहीत. बांधकामावरच्या कुटुंबातला एक मुलगा होता, घरी तेलुगू, अंगणात हिंदी, माझ्याकडे मराठी. त्यानं सहा महिन्यांत तीन लिप्यांचे शब्द आपल्या वहीत गुण्यागोविंदानं बसवले. संक्रांतीच्या सुमारास साइट संपली. त्याची दुरेघी वही अजून माझ्या कपाटात आहे. न्यायला कुणी आलं नाही.

तिसरीतल्या त्या मुलीचं सांगायचं राहिलं. चौथीच्या शेवटच्या पालकसभेत मी तिला पुस्तकातली एक गोष्ट आईसमोर वाचायला लावली. इंग्रजी. तिनं वाचली, बोट न ठेवता, चित्र दिसत असूनही चित्राकडे न बघता. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, मराठीपण वाचती का ही?”

“थोडं थोडं,” मी म्हटलं. मुलगी खाली बघून हसत होती.

आता मी दरवर्षी जुलैत एक खेळ घेते. प्रत्येकानं घरून पाच इंग्रजी शब्द आणायचे, पुस्तकातले नाही, घरात किंवा कामावर बोलले जाणारे. पहिल्या दिवशी मुलं म्हणतात, आमच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी फळा पुरत नाही. रिक्षावाल्याची मुलगी मीटर, क्लच, परमिट, पासिंग, स्टँड घेऊन येते. शिलाईवालीचा मुलगा हुक, कॉलर, कफ आणि फॉल-पिको आणतो. पिकोचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एकानं ‘यष्टी’ आणला, आणि त्यात एस आणि टी लपलेत हे सांगितल्यावर आख्खा वर्ग अवाक झाला.

पंक्चरवाल्याच्या मुलानं अर्थातच पंक्चर आणला. त्याच्या वडिलांची टपरी माझ्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे. पत्र्याच्या पाटीवर वर देवनागरीत ‘पंक्चर’ आणि खाली लाल रंगात इंग्रजीत, वडिलांनी स्वतः रंगवलेलं : पी, ए, एन, सी, एच, ए, आर. त्या मुलाला तोवर सी आणि एच एकत्र आले की च होतो एवढं कळलं होतं. एका संध्याकाळी मी स्कूटीत हवा भरायला थांबले होते. तो पाटीखाली उभा राहिला आणि एकेक अक्षर धरत गेला. प्... पॅन्... चा... “पंचर! बाई, पंचर लिहिलंय!” रस्त्यावरचा, स्वतःच्या बळावर वाचलेला त्याचा हा पहिला इंग्रजी शब्द.

आता मी शिक्षिका पडले. गप्प बसवेना. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मी बरोबर स्पेलिंग लिहून दिलं : पी, यू, एन, सी, टी, यू, आर, ई. त्यानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. “पुन्क्... तुरे.” पाटीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग माझी समजूत काढल्यासारखा म्हणाला, “बाई, हे शोरूमवाल्यांचं असेल.”

वडील पाना हातात घेऊन पुढं आले. “चुकलंय का मॅडम? बदलायला लागंल का पाटी?”

म्हटलं, राहू द्या सध्या, दिवाळीला रंग काढाल तेव्हा बघू.

दोन दिवाळ्या झाल्या. हवा भरायला मी अजून तिथंच थांबते.